साई योकची रेल्वे आणि तिचे मजूर

थायलंड, म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांच्या भूगोलातील सयाम. ह्या देशाच्या पश्चिम सरहद्दीवर कांचनबुरी नावाचा प्रांत आहे. नावातले 'कांचन' तर आपलेच, आणि 'बुरी' म्हणजे आपली 'पुरी'. ह्या प्रांतात साई योक हा एक लांबट, डोंगराळ तालुका आहे. एका अंगाला ब्रह्मदेशच्या डोंगररांगा, मधून वळणे घेत जाणारी ख्वे नोई नदी, दोन्ही तीरांवर वेळू आणि साग, आणि मोकळ्या जमिनीत ऊस. बँकॉकचे यात्रा-व्यवसायी ह्या तालुक्याची जी छापील पत्रके वाटतात, त्यांत दोन धबधबे, काही गुहा, एक ख्मेर देवालय आणि 'मृत्यूची रेल्वे' ही सारी स्थळे एका दमात सांगितलेली असतात. दोन दिवसांत सर्व दाखवून प्रवाशाला परत आणून सोडतात.

आम्ही ह्या तालुक्यात सवडीने हिंडलो. जे पाहिले ते येथे सांगणार आहोत. परंतु पत्रकातील एका स्थळाविषयी अधिक बोलणार आहोत, हे आरंभीच सांगून ठेवतो. आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. रात्रशाळेत शिकलो आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे हजेरीपट, पगारपत्रके आणि भरपाईचे अर्ज ह्यांत घालविली. त्यामुळे जुने बांधकाम दिसले की ते कोणी बांधविले ह्यापेक्षा ते कोणी बांधले आणि त्याबद्दल त्यांना काय मिळाले, हा प्रश्न आमच्या मनात आधी उभा राहतो. ही आमची खोडच म्हणा.

साई योकला जाण्याचा खरा रस्ता रेल्वेचा. बँकॉकच्या पश्चिमेकडील थोनबुरी स्टेशनातून तिसऱ्या वर्गाची गाडी सुटते. तिला वातानुकूल डबा नाही. खिडक्या उघड्या, छताला पंखे, आणि भात, फळे, बर्फाचे पाणी विकणारे फेरीवाले डब्यातून सारखे ये-जा करीत असतात. आमच्यातल्या एकाला कसाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या पॅसेंजरची आठवण झाली. कांचनबुरी शहर सोडल्यावर गाडी एका पोलादी पुलावरून अगदी सावकाश जाते. हाच तो चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला पूल. चित्रपट १९५७ सालचा, आणि त्याचे चित्रीकरण सिलोनात झाले. ज्या नदीवर हा पूल आहे तिचे नाव त्या वेळी 'क्वाय' नव्हतेच, ती मे क्लाँग होती. चित्रपट पाहून येणाऱ्या प्रवाशांना नावाची नदी मिळेना, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचे नावच ख्वे याई असे बदलण्यात आले. इतिहासाने चित्रपटाचे ऐकल्याचा हा एक नमुना. असो.

पूल ओलांडल्यावर तासाभरात बान काओ नावाचे लहानसे स्टेशन लागते. ते शेजारच्या तालुक्यात आहे, पण त्याची हकीकत सोडून पुढे जाववत नाही. १९४३ साली ह्या मार्गावर राबणाऱ्या युद्धकैद्यांत व्हान हेकेरेन नावाचा एक डच पुराणवस्तुसंशोधक होता. माती खणताना त्याला घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे सापडली. पोटात अन्न नाही, पाठीवर पहारेकऱ्याचा वेळू, आणि ह्या गृहस्थाने ती हत्यारे ओळखली, जपली आणि युद्धानंतर त्यांची वार्ता जगाला दिली. तिचा पाठपुरावा होऊन १९६० ते १९६२ ह्या काळात थाई आणि डॅनिश संशोधकांनी तेथे उत्खनन केले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन वस्तीची दफने तेथे मिळाली. मृतांच्या उशापायथ्याशी मडकी नीट मांडून ठेवलेली होती. ज्या मातीत १९४३ साली माणसे वाटेल तशी पुरली गेली, त्याच मातीत चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपले मेलेले इतक्या काळजीने ठेवले होते.

ता किलेन स्टेशनावर उतरले की थोड्याच अंतरावर मुआंग सिंग, म्हणजे सिंहनगर, आहे. ख्मेर राजा सातवा जयवर्मन ११८१ साली गादीवर आला आणि तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याने राज्य केले. त्याच्या राजधानीतील प्रीह खान देवालयाच्या ११९१ सालच्या शिलालेखात, राजाने निरनिराळ्या तेवीस नगरांस बुद्धमूर्ती पाठविल्याचे म्हटले आहे. त्यांतील 'श्रीजयसिंहपुरी' म्हणजेच हे मुआंग सिंग, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ख्मेर सत्तेच्या पश्चिमेकडील अगदी टोकाच्या ठाण्यांपैकी हे एक. नदीकाठी तट, खंदक, आणि मधोमध पूर्वाभिमुख देवालय. सारे बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. ज्याने रत्नागिरी-मालवणकडची घरे आणि कुंपणे पाहिली आहेत, त्याला हे तांबडे, छिद्राछिद्रांचे चिरे पाहून परक्या मुलखात असल्यासारखे वाटणार नाही. देवालयात अवलोकितेश्वराची एक अद्भुत मूर्ती मिळाली. तिच्या अंगभर इवल्या इवल्या बुद्धप्रतिमा कोरलेल्या आहेत. मूळ मूर्ती वस्तुसंग्रहालयात हलविली असून जागेवर प्रतिकृती ठेवली आहे. १९८७ पासून ह्या सर्व परिसराची ऐतिहासिक उद्यान म्हणून व्यवस्था होत आहे.

ह्याच जयवर्मनाच्या ११८६ सालच्या दुसऱ्या एका शिलालेखात, राज्यात १०२ रुग्णालये असल्याचे नमूद आहे. देवालयाच्या सेवेला किती माणसे लावली, त्यांना तांदूळ किती लागतो, ह्याचेही आकडे त्यात खोदलेले आहेत. आम्ही राजेशाहीचे भक्त नव्हे. देवालयाला जोडून दिलेली ती माणसे आपखुशीने आली नसणार, हे आम्हांला कळते. तथापि त्या राजाला आपली माणसे मोजण्याची गरज वाटली आणि तो आकडा दगडावर राहिला, एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीत ती उपयोगी पडेल.

ता किलेनच्या पुढे डोंगर नदीच्या अंगावर येतो. थाम क्रासे येथे एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, मध्ये रूळ ठेवण्यापुरती जागासुद्धा नाही. तेव्हा कड्याला चिकटून लाकडी खांबांचा लांबच लांब वळणदार पूल उभारलेला आहे. गाडी त्यावरून माणसाच्या चालीने जाते आणि लाकडे करकरतात. प्रवासी खिडकीबाहेर वाकून छायाचित्रे घेतात. कड्याच्या पोटात एक गुहा असून तीत बुद्धमूर्ती आहे. दृश्य अतिशय सुंदर आहे, ह्यात शंका नाही.

आता ही रेल्वे येथे आली कशी, ते पाहू. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले. ब्रह्मदेशातील सैन्याला रसद पोहोचविण्याचा मार्ग सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जात होता, आणि त्या वाटेवर दोस्तांच्या पाणबुड्यांचे भय वाढत चालले होते. म्हणून सयाममधून डोंगर ओलांडून थेट ब्रह्मदेशात रेल्वे न्यावी, असे जपानी लष्कराने ठरविले. इंग्रजांनीही पूर्वी ह्या मार्गाची पाहणी केली होती आणि अवघड म्हणून तो नाद सोडला होता. नोंग प्लादुकपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायापर्यंत ४१५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग दोन्ही टोकांकडून बांधीत आणून १७ ऑक्टोबर १९४३ रोजी जोडण्यात आला. म्हणजे काम जेमतेम सव्वा वर्षाचे. इतक्या थोड्या काळात हे काम झाले ते यंत्रांच्या बळावर नव्हे. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. घण, पहार, कुदळ, वेळूच्या टोपल्या, काही हत्ती, आणि माणसे.

माणसे दोन प्रकारची होती. पहिला प्रकार युद्धकैद्यांचा. सिंगापूर आणि जावा पडल्यावर हाती लागलेले इंग्रज, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन मिळून साठ हजारांहून अधिक कैदी ह्या कामावर आले. त्यांतील साडेबारा हजारांच्या आसपास मेले, म्हणजे पाचांतील एक. दुसरा प्रकार आशियाई मजुरांचा. ब्राह्मी, मलायातील तमिळ, मलय, जावानीज, चिनी असे हे लोक दोन लाख किंवा त्याहून अधिक असावेत. त्यांतील सुमारे नव्वद हजार मेले असे धरतात; म्हणजे तिघांतील एकापेक्षा अधिक. कैद्यांचा आकडा शेकड्यापर्यंत नेमका सांगता येतो, मजुरांचा मात्र 'सुमारे' आणि 'असावा' ह्यांच्या आधारानेच सांगावा लागतो. ह्या एका फरकासाठीच आम्ही हा विषय निवडला.

मलायातील तमिळ मजूर हे आपल्याच देशातून रबराच्या मळ्यांवर गेलेले. कंगाणी, म्हणजे मजूर गोळा करून आणणारा आणि त्यांच्यावर नेमलेला मुकादम, आपल्या गावातून माणसे घेऊन जाई, आणि मळ्याच्या चाळीत त्यांच्या पिढ्या निघत. युद्धामुळे रबराची निर्यात बसली, मळे थंडावले आणि तांदूळ महागला. अशा वेळी जपान्यांची जाहिरात आली : सयामात तीन महिन्यांचे काम, रोज एक डॉलर मजुरी, राहणे-खाणे वेगळे. बेकार माणूस दुसरे काय करणार? बायकापोरांसह कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. तीन महिने उलटले तरी कोणी परत येईना, तेव्हा पुढची भरती जुलमाने होऊ लागली. मळ्यामळ्याला माणसांचा आकडा ठरवून दिला गेला. फुकट सिनेमा दाखवितो म्हणून लोक बोलाविले, दारे लावून घेतली आणि सर्वांना मालगाडीत कोंबले, अशाही हकीकती सांगतात. मलायातून अशी सुमारे पाऊण लाख माणसे नेली गेली.

नाम तोक हे आज गाडीचे शेवटचे स्टेशन. तेथून रस्त्याने अठरा-वीस किलोमीटर पुढे गेले की कोन्यूची खिंड लागते. कैद्यांनी तिला 'हेलफायर पास', नरकाग्नीची खिंड, असे नाव दिले. कठीण दगडाच्या डोंगरात सुमारे ७५ मीटर लांब आणि २५ मीटर खोल अशी ही चीर आहे. येथे बोगदा का खणला नाही, असे कोणीही विचारील. बोगद्याला दोनच तोंडे असतात, आणि प्रत्येक तोंडाशी एका वेळी थोडीच माणसे काम करू शकतात. खिंड वरून खाली खोदीत आणली तर तिच्या सबंध लांबीवर वाटेल तितकी माणसे लावता येतात. माणूस स्वस्त आणि वेळ महाग असला की अभियांत्रिकीचा निर्णय कसा बदलतो, हे येथे दगडावर लिहिलेले आहे.

काम २५ एप्रिल १९४३ ला सुरू झाले. एकाने पहार धरायची आणि फिरवीत राहायची, दुसऱ्याने घण घालायचा. भोक पुरेसे खोल गेले की सुरुंग भरायचा, आणि फुटलेला दगड हातांनी आणि टोपल्यांनी बाहेर टाकायचा. त्याआधी फेब्रुवारीतच रेल्वेची मुदत अलीकडे ओढलेली होती. म्हणून पहारेकऱ्यांचे एकच ओरडणे, 'स्पीडो! स्पीडो!' पाळ्या बारा तासांवरून सोळा-अठरा तासांवर गेल्या. रात्री मशाली आणि वेळूच्या होळ्या पेटवून काम चाले. त्या उजेडात हाडांचे सापळे घण घालताना दिसत, त्यावरून नरकाग्नीचे नाव पडले. त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि पावसाबरोबर पटकी आली. खिंड ऑगस्टच्या सुमारास पुरी झाली. आजही कातळाच्या एका भोकात मोडलेल्या पहारेचे टोक तसेच अडकलेले दिसते. आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडत होता, कातळ ओला होता, आणि तळाशी बसविलेले जुने थोडे रूळ पाण्याने चकाकत होते. आमच्यापैकी कोणी फारसे बोलले नाही.

युद्धानंतर ह्या भागातले रूळ उखडले गेले आणि जंगलाने खिंड गिळली. टॉम मॉरिस नावाचा एक ऑस्ट्रेलियन, जो स्वतः कैदी म्हणून येथे राबला होता, १९८० नंतरच्या काळात येथे आला. त्याने खिंडीची जागा पुन्हा शोधून काढली आणि आपल्या सरकारच्या मागे लागून ती राखून ठेवविली. १९९८ साली ऑस्ट्रेलियन सरकारने तेथे संग्रहालय उभारले. दर वर्षी २५ एप्रिलला पहाटे खिंडीत प्रार्थना होते. संग्रहालय उत्तम आहे, आणि त्यात आशियाई मजुरांनाही जागा दिलेली आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण मजुरांतील कोणी टॉम मॉरिस परत आला नाही. परत येण्यासाठी तिकिटाचे पैसे लागतात, आणि आपले ऐकणारे सरकार लागते.

दोन्ही प्रकारच्या माणसांना पाऊस तोच होता, पटकी तीच होती, पहारेकरीही बहुतांशी तेच होते. हे पहारेकरी पुष्कळसे कोरियन, म्हणजे जपानने आधीच गिळलेल्या देशातून आणलेले आणि स्वतः जपानी शिपायाच्या थपडा खाणारे. मुकादम कोठून निवडावा हे धन्याला नेमके कळते. मग मरणाच्या प्रमाणात एवढा फरक का पडला? ह्याचे उत्तर आमच्या धंद्यातले आहे. कैदी मेले, पण ते टोळी म्हणून मेले नाहीत, पलटण म्हणून मेले. त्यांना अधिकारी होते, डॉक्टर होते, नावांची यादी होती. खिंडीजवळच्या हिंतोक छावणीत वेअरी डनलॉप हा ऑस्ट्रेलियन शल्यविशारद होता. अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून एक सामायिक फंड करण्यात आला आणि त्यातून आजाऱ्यांसाठी अंडी व औषधे घेण्यात येत. कांचनबुरीचा बूनपोंग नावाचा दुकानदार जिवावर उदार होऊन भाजीपाल्याच्या मालाखाली औषधे दडवून होडीने छावण्यांत पोहोचवी. रोज सकाळी जपानी इंजिनियर म्हणे, आज इतकी माणसे हवीत. डनलॉप म्हणे, इतकी उभीच राहू शकत नाहीत. ह्या घासाघिशीत डॉक्टरने मार खाल्ला, पण रोज काही माणसे झोपडीत राहिली आणि जगली. उकळल्याशिवाय पाणी कोणी प्यायचे नाही, संडासचे चर कोठे खणायचे, ताटे उकळत्या पाण्यात कशी बुडवायची, हे ठरविणारे आणि पाळायला लावणारे कोणीतरी तेथे होते.

मजुरांच्या छावण्यांत ह्यांतले काहीच नव्हते. डॉक्टर नाही, भाषा चार, आणि जो तो आपल्या कंगाणीचा; तो कंगाणी मेला किंवा पळाला की त्याची माणसे कोणाचीच नाहीत. पटकी आली की धट्टेकट्टे जंगलात पळत आणि आजारी जागेवर राहत. नवरा मेल्यावर बाई आणि पोरे त्याच झोपडीत, पुढे त्यांचेही तेच. आम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलो की संघटनेमुळे पगार वाढतो. येथे आम्हांला दिसले की संघटनेमुळे पाणी उकळले जाते. तथापि ह्यातही अतिशयोक्ती करू नये. एप्रिल १९४३ मध्ये सिंगापूरहून सुमारे सात हजार कैद्यांची एक तुकडी पाठविली गेली. गाडीतून उतरल्यावर तिला तीनशे किलोमीटर पायी चालविले, आणि वर्ष संपण्यापूर्वी तीन हजारांवर माणसे गेली. त्यांना अधिकारी होते, डॉक्टरही होते. भूक आणि पटकी एका हद्दीपलीकडे गेली की शिस्तही हरते.

येथे आणखी एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. रेल्वे जोडली गेली १७ ऑक्टोबर १९४३ ला, आणि वाहतुकीला खुली झाली २५ ऑक्टोबरला. ह्या दोन तारखांच्या मध्ये, २१ ऑक्टोबरला, सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्रांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. आझाद हिंद सेनेच्या काही तुकड्या पुढे ह्याच मार्गाने ब्रह्मदेशाकडे गेल्या. मलायाच्या मळ्यांतील तमिळ तरुण आणि तरुणी त्या सेनेत हौसेने शिरल्या, आणि त्याच मळ्यांतले त्यांचे बाप आणि भाऊ रुळांखाली गेले. नेताजींविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो ह्या सभागृहातील कोणापेक्षा कमी नाही. पण ज्यांच्याशी आपण मैत्री केली ते आपल्या मजुरांचे काय करीत होते, हा प्रश्न विचारला की आदर कमी होतो, असे आम्ही मानीत नाही. आपल्या शाळांतील पुस्तकांत मधली तारीख आहे. उरलेल्या दोन नाहीत.

जपान्यांनीच हे केले आणि दुसरे कोणी करीत नाही, असेही समजू नये. खंडाळ्याच्या घाटातून आपण पुण्याला जातो. तो मार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात झाला. ऐन भरात तेथे चाळीस हजारांवर मजूर होते, आणि पटकीने व तापाने ते हजारोंनी मेले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला होता. पुढे ठेकेदार बदलला. नवा ठेकेदार ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मेला, आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालविला. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मजुरांतले एक नाव कोणी सांगेल तर आम्ही ते लिहून घेऊ. फरक आहे तो एवढाच की घाटातला मजूर रागावून काम सोडून जाऊ शकत होता, आणि साई योकच्या मजुराला तेही नव्हते. हा फरक लहान नाही.

युद्ध संपल्यावर इंग्रजांनी सयामातील हा मार्ग थाई सरकारला विकला. सरकारने उपयोगाचा तेवढा भाग दुरुस्त केला. १९४९ मध्ये गाडी कांचनबुरीपर्यंत आली, १९५२ मध्ये वांग फोपर्यंत, आणि १९५८ मध्ये नाम तोकपर्यंत. एकंदर १३० किलोमीटर मार्ग राहिला. पुढचा काही भाग तर धरणाच्या पाण्याखाली गेला. ते धरण १९८४ साली पुरे झाले. आज ह्या गाडीने शाळेची मुले जातात, बाजाराला निघालेल्या बाया जातात. हे चांगलेच झाले असे आम्हांला वाटते. रेल्वेचा दोष नसतो.

'नाम तोक' ह्याचा अर्थच धबधबा. नाम म्हणजे पाणी, तोक म्हणजे पडणे. स्टेशनाजवळ साई योक नोई हा धाकटा धबधबा आहे, हमरस्त्याच्या अगदी कडेला. रविवारी बँकॉकची कुटुंबे सतरंज्या घेऊन येतात, मुले पाण्यात डुंबतात, आणि जवळच ठेवलेल्या जुन्या इंजिनावर चढतात. थोरला धबधबा, साई योक याई, पुढे राष्ट्रीय उद्यानात आहे. ते उद्यान १९८० साली झाले. हा धबधबा सरळ ख्वे नोई नदीतच कोसळतो, आणि तो पाहायचा तर होडीत बसून किंवा झुलत्या पुलावर उभे राहून. राजा चुलालोंगकोर्न येथे आला होता. त्याच्याबरोबरच्या राजपुत्र नरिस ह्याने ह्या स्थळावरून १८८८ साली एक गीतरचना केली, आणि थाई लोक ती आजही आवडीने वाजवितात. ह्याच परिसरातील चुनखडीच्या गुहांत जगातले सर्वांत लहान वटवाघूळ राहते. वजन दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम दोन मासे. कित्ती थोंगलोंग्या ह्या थाई प्राणिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ते शोधले. १९७४ च्या आरंभी तो वारला. त्याच्या इंग्रज सहकाऱ्याने त्याच वर्षी त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि कित्तीचे नाव त्याला कायमचे जोडून दिले. संध्याकाळी गुहेतून निघालेली ती वटवाघळे नदीवर भिरभिरतात म्हणे. आम्हांला पावसामुळे दिसली नाहीत.

परतताना आम्ही कांचनबुरीला उतरलो. स्टेशनाजवळच युद्धकैद्यांचे कबरस्तान आहे. सुमारे सात हजार कबरी, हिरवळ तुळतुळीत कापलेली, प्रत्येक दगडावर पलटण, वय आणि घरच्यांनी लिहून पाठविलेली एखादी ओळ. दारापाशी भिंतीतल्या कपाटात नावांची नोंदवही असते. कोणीही यावे, नाव काढावे आणि ओळ गाठावी. बाविशी-पंचविशीची पोरे आहेत बहुतेक. माणूस शत्रू असो की मित्र, तेथे मान खाली जाते.

नदीकाठी पुलाच्या अलीकडे जपानी सैन्याने १९४४ साली, म्हणजे युद्ध चालू असतानाच, मेलेल्यांसाठी एक स्मारक उभारले आहे. त्यावर निरनिराळ्या भाषांतील पाट्या आहेत, आणि त्यांत तमिळही आहे. ज्यांनी नावे लिहून ठेवली नाहीत, त्यांनी भाषा मात्र लक्षात ठेवली होती.

मजुरांच्या अस्थी गावात ठिकठिकाणी निघत राहिल्या. १९९० मध्ये एका शेतातल्या खड्ड्यातून शेकडो सांगाडे निघाले. वात थावोन ह्या व्हिएतनामी बौद्ध विहाराच्या आवारात एक स्तूप आहे. त्याखाली दहा हजारांवर मजुरांच्या अस्थी आहेत असे सांगतात. पुष्कळ वर्षे तेथे यात्रेकरू फिरकत नसत. अलीकडे मलेशियातील तमिळ वंशजांनी आणि बँकॉकच्या तमिळ मंडळींनी खटपट करून तेथे 'नडुकल' उभारला आहे. नडुकल म्हणजे आपला वीरगळ. लढताना पडलेल्याचा दगड त्यांनी राबताना पडलेल्यासाठी रोवला.

आम्ही तेथे गेलो त्या दिवशी मलेशियाहून आलेले एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलीसह आले होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणे झाले. त्यांचे आजोबा पेराकमधल्या एका मळ्यावरून तीन महिन्यांच्या कामाला म्हणून गेले होते. कागद कसलाच आला नाही, त्यामुळे आजीने गळ्यातली ताली अखेरपर्यंत काढली नाही, आणि मळ्याच्या कचेरीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' एवढीच नोंद होती, असे ते म्हणाले. त्यांनी आजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि मळ्याचे नाव वहीच्या पानावर तमिळमध्ये लिहून आणले होते. पान त्यांनी दगडाच्या पायथ्याशी ठेवले. वाऱ्याने ते उडू लागले, तेव्हा मुलीने त्यावर एक खडा ठेवला, आणि दोघे रिक्षाकडे चालू लागली.